बार्सिलोना की ह्यूस्टन, राहायला कुठलं बरं?

चिपळूणच्या आमच्या भाचीला दोन्हीकडून ऑफर आलीय नि ती अडकलीय. बार्सिलोनाचा एशाम्पला भाग नगररचनाकार सेर्दाच्या १८५९ च्या प्लॅनवर उभा, साधारण ११३ मीटरचे चौकोनी ब्लॉक, कोपरे छाटलेले, खाली दुकानं वर घरं, त्यामुळे भाजी, शाळा, मेट्रो सगळं पायी जाऊन होतं, फक्त फ्लॅट लहान नि भाडं जड. ह्यूस्टनला घर ऐसपैस, अंगणपण, पण दूध आणायला गाडी काढा, म्हणजे वाचलेलं भाडं पेट्रोल-इन्शुरन्समध्ये जातं. आणि पाणी! २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टनचे मोठे भाग बुडाले, २०२१ चा चिपळूणचा पूर बघितलेल्या माणसाने हे आधी तपासावंच.
एकटी राहणार किंवा गाडी न चालवणारे आईबाबा येऊन राहणार, तर बार्सिलोना. मोठं घर, अंगण हवं नि ड्रायव्हिंगचा कंटाळा नाही, तर ह्यूस्टन, पण उंचावरचंच घर बघ.