गोल्फ बॅगचं ट्रॅव्हल कव्हर: सात महिने आणि एक श्रीलंका

नाशकात ‘गोल्फ क्लबला जातो’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा सकाळी चालायला निघाला. त्या मैदानावर रणजीचे सामने होतात, गोल्फचा चेंडू काही दिसत नाही. त्यामुळे आमचं खेळणं म्हणजे पुण्याची वारी, आणि म्हणूनच प्रवासात गोल्फच्या काठ्यांची बॅग सांभाळणारं हे कव्हर. ऑगस्टमध्ये साडेनऊ हजाराला घेतलं.

खरं कारण मात्र फेब्रुवारीतली सहल. आधी डोक्यात स्कॉटलंड होतं. पण तिथल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर (कोर्स म्हणजे गोल्फचं मैदान) कोणाला खेळायला मिळणार याची सोडत खेळायच्या दोन दिवस आधी निघते आणि रविवारी कोर्स सहसा बंदच. एवढा खर्च करून मटक्याचा आकडा लावायचा? मित्र म्हणाला, “श्रीलंका बघ, मुंबईहून अडीच तास.” नावाजलेली कोर्सेस चार: कोलंबो, कँडीजवळचं व्हिक्टोरिया, नुवारा एलिया आणि हंबनटोटा.

चूक केली ती नकाशा बघून. कँडी ते नुवारा एलिया साधारण ७५ किलोमीटर. आपल्या हिशेबाने नाशिकहून शिर्डीला जाण्यासारखं. प्रत्यक्षात सगळा घाट, तीन तास गेले. त्यात ड्रायव्हर, म्हणजे बॅगेतली सगळ्यात लांब काठी, पंचेचाळीस इंचांची, म्हणजे कव्हर चार फुटांच्या वर. गाडी ठरवताना बॅगा किती आणि केवढ्या ते सांगितलंच नव्हतं. आलेल्या छोट्या गाडीची मागची अर्धी सीट पाडून दोन्ही कव्हरं घातली आणि मी उरलेल्या जागेत कव्हराला मिठी मारून बसलो. एका दिवसात प्रवास आणि खेळ दोन्ही कोंबू नका. आमचं हंबनटोटा त्यातच राहिलं.

नुवारा एलियाचं कोर्स १८८९ सालचं, उंची सुमारे १,९०० मीटर. हवा विरळ, चेंडू लांब जातो. कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, आठ नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) हातात देत होता, मी हट्टाने सात घेतलं, ज्याने चेंडू आणखी लांब जातो. चेंडू ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतालची गुळगुळीत हिरवळ, ओलांडून झाडीत. रॉयल कोलंबोत तर रेल्वेलाईनच कोर्समधून जाते. गाडीचा आवाज आला तेव्हा माझा पट, म्हणजे चेंडू खड्ड्यात ढकलायचा हलका फटका, राहिला होता. थांबलो, आणि तरी चुकला.

दिवस निवडताना पाऊस बघा. कोलंबो-कँडीला जानेवारी ते मार्च बरं. एप्रिलमध्ये त्यांचं नववर्ष असतं, नुवारा एलियात तेव्हा तुडुंब गर्दी.

आता कव्हर. कापड जाड, चाकं अजून ठणठणीत. पण ते मऊ असल्यामुळे आत उभा दांडा लागतो, ड्रायव्हरपेक्षा उंच, म्हणजे आदळलं तर मार दांड्यावर बसतो. तो वेगळा घ्यावा लागला, आणि हे विकणाऱ्याने सांगितलं नाही. रिकाम्या कव्हराचंच वजन साडेतीन किलो. बूट त्यातच टाकले, माझे कपडे बायकोच्या बॅगेत गेले, त्यावर अजून ऐकतोय. चौथ्या महिन्यात चेनचा रनर निसटला. गॅरंटीचं विचारलं तर दुकानदाराने “चेन त्यात येत नाही” म्हणून हात वर केले. मेनरोडवरच्या बॅगवाल्याने ऐंशी रुपयांत रनर बदलला, तो टिकलाय.

पाचपैकी साडेतीन. सध्या कव्हर मित्राकडे आहे, तो हंबनटोटाला चाललाय. देताना चेनवर मेणबत्ती घासून दिली.