२०२४ मधील माझे आवडते गेम: पहिला मान ‘बलाट्रो’ला

डिसेंबर २०२४ मध्ये व्हिडिओ गेमच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या सोहळ्यात वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ला मिळाला आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, माझ्या यादीत मात्र पहिला क्रमांक ‘बलाट्रो’चा आहे. नियम थोडक्यात सांगून पुढची उकल खेळाडूवर सोपवणारे आणि प्रत्येक वळणावर बाण दाखवून त्याचे बोट न धरणारे गेम मला आवडतात. त्या वर्षी ही अपेक्षा मोठ्या खर्चाच्या गेमपेक्षा लहान गेमनीच अधिक पूर्ण केली.

‘बलाट्रो’ हा लोकलथंक या टोपणनावाने काम करणाऱ्या कॅनडातील एका व्यक्तीने जवळजवळ एकहाती घडवलेला गेम २० फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. वरवर पाहता हा पोकर आहे: ५२ पत्त्यांचा कॅट, हातात आठ पाने, त्यांतून जास्तीत जास्त पाच उतरवून जोडी, सिक्वेन्स किंवा कलर जमवायचा. खरी गंमत जोकरांत आहे. एकूण १५० जोकर असून सामान्यतः एका वेळी पाचच जवळ बाळगता येतात आणि प्रत्येक जण गुणांचे गणित आपापल्या परीने वाकवतो. उदाहरणार्थ, दोन राजांच्या जोडीचे मूळ गुण ३० गुणिले २, म्हणजे ६० होतात; यातला २ हा गुणक. साधा जोकर गुणकात ४ मिळवतो, तर जोडी असताना गुणक दुप्पट करणारा आणखी एक जोकर आहे. साधा जोकर डावीकडे ठेवला तर आधी बेरीज आणि मग दुप्पट होऊन ३६० गुण मिळतात. तेच दोन जोकर उलट क्रमाने मांडले तर २४० वर समाधान मानावे लागते. अगदी पहिल्या फेरीचे लक्ष्य ३०० गुणांचे असते, हे लक्षात घेतले तर या मांडणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जोकरांवर डावीकडून उजवीकडे प्रक्रिया होते, एवढे कळल्यावर पुढचा सगळा शोध आपला आपण घ्यायचा असतो.

पैशांचा हिशेबही तितकाच काटेकोर आहे. फेरीअखेर शिल्लक असलेल्या दर पाच डॉलरमागे एक डॉलर व्याज मिळते, पण साधारणतः पाच डॉलरपर्यंतच. त्यामुळे २५ डॉलर राखून ठेवायचे की समोर आलेला जोकर आत्ताच उचलायचा, हा पेच दुकानात दर वेळी पडतो. हे डॉलर खेळापुरतेच असतात आणि खऱ्या पैशांची पैज इथे कुठेही लागत नाही. असे असूनही युरोपातील पेगी या मानांकन संस्थेने ‘बलाट्रो’ला १८ वर्षांवरील गटात टाकले होते, ते अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये १२ वर आणले गेले. रमीच्या अ‍ॅपवर खरे पैसे घालवणारी माणसे आसपास असताना या गेमला जुगार म्हणणे मला तरी विनोदी वाटले. दोष सांगायचाच तर वरच्या कठीण पातळ्यांवर दैवाचा वाटा खटकण्याइतका वाढतो.

दुसरा क्रमांक ‘अ‍ॅनिमल वेल’चा. बिली बॅसो याने सुमारे सात वर्षे खपून, गेम चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिनही स्वतःच लिहून तो तयार केला आणि मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. डाउनलोडचा आकार ४० एमबीच्याही आत आहे, पण अंधारलेल्या भुयारांत पाणी, धूर आणि प्रकाश ज्या नजाकतीने हलतात ते पाहून यावर विश्वास बसत नाही. इथे तलवार नाही आणि शिकवणीही नाही. हाती लागतात फटाके, बासरी, यो-यो, बुडबुडे काढायची कांडी अशा खेळण्यासारख्या वस्तू, आणि त्यांचे उपयोग आपणच ताडायचे असतात. आपण सोडलेल्या बुडबुड्यावर उडी घेऊन वर चढता येते, हे कोणी न सांगता उमगल्यावर मागे अशक्य वाटलेल्या निम्म्या जागा एकदम खुणावू लागतात. शेवटच्या थरातील काही कोडी मात्र अनेक खेळाडूंनी एकत्र येऊन सोडवावीत अशी रचलेली आहेत. ती मला अतिरेकी वाटली, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

तिसऱ्या क्रमांकावरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’ जानेवारीतच आला आणि वर्ष संपेपर्यंत बरेच जण त्याला विसरूनही गेले. युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या फ्रान्समधील माँपेलिए स्टुडिओने बनवलेल्या या गेममधील एका सोयीची इतरांनी खुशाल उचलेगिरी करावी: वाट अडली की त्या जागेचे छायाचित्र काढून ते नकाशावर टाचता येते. नवी शक्ती मिळाल्यावर कुठे परतायचे हे त्यामुळे लक्षात राहते, आणि तरीही उत्तर आयते मिळत नाही. संवाद फारसीत ऐकण्याचा पर्यायही आहे, तोच निवडावा. कथा उत्तरार्धात रेंगाळते, पण उड्या आणि तलवारबाजी अखेरपर्यंत चोख राहतात. याच मालिकेतील ‘सँड्स ऑफ टाइम’च्या पुनर्निर्मितीचे काम २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले होते. २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे गेले, याची चुटपुट मराठी खेळाडूला लागणारच.

‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ चौथा. टोकियोच्या टीम असोबीने प्रत्येक लेव्हलमध्ये एक नवी कल्पना आणली आहे आणि ती शिळी होण्याआधीच बाजूला ठेवली आहे. मात्र त्यासाठी पीएस५ हा सोनीचा गेम कन्सोल हवाच, ही अट आपल्याकडे लहान नाही.

‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा गाजलेला चिनी गेम यादीत का नाही, असे विचारले जाईल. त्यातील बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रूंबरोबरच्या लढती उत्तम आहेत आणि दृश्ये थक्क करणारी आहेत. पण पुढे मोकळी वाट दिसावी आणि अदृश्य भिंतीवर आपटावे, असे त्यात इतक्या वेळा होते की शोध घेण्याची इच्छाच उरत नाही. त्यासाठी संगणकावर १३० जीबी जागा रिकामी करण्यापेक्षा ‘बलाट्रो’ फोनवर घ्यावा; सप्टेंबर २०२४ पासून तो तिथेही उपलब्ध आहे आणि बोटाने पाने ओढून मांडणे माउसपेक्षा सोयीचे पडते.