स्लायडर साइट, एका सीझननंतर: चाक तीनशे डॉलरचं, चिकटपट्टी दोन पैशांची

आधी निकाल सांगून टाकतो. मिशिगनच्या दक्षिण भागात, मक्याच्या शेताला लागून असलेल्या ओकच्या झाडीत, धनुष्य घेऊन मचाणावर बसून व्हाइटटेल हरणाची वाट बघणार असाल, तर स्लायडरवर, म्हणजे धनुष्यावरच्या ज्या साइटमध्ये नेम धरायची एकच पिन अंतरानुसार चाक फिरवून वरखाली करतात तिच्यावर, एवढे पैसे घालायची काही गरज नाही. तीन पिनची फिक्स्ड (ठरावीक अंतरांना एकेक न हलणारी पिन) घ्या, उरलेल्या पैशात चांगले ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाची पाती) आणि दोन सीझनची लायसन्स निघतील. डिसेंबरात या मताला एक मोठी दुरुस्ती करावी लागली, ती खाली येईलच. राग मात्र जसाच्या तसा आहे, आणि तो मुख्यतः एका चिकटपट्टीवर आहे.

माझं कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या (कॅम) असलेलं धनुष्य, ओढायला ६५ पौंडाचं, बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास. धनुष्यासोबत पॅकेजमध्ये आलेली पाच पिनची साइट होती, २० ते ६० यार्ड, दर दहाला एक. चालत होती. पण उन्हाळ्यात थ्रीडी रेंजवर (फोमच्या जनावरांवर सराव करतात तिथे) जायला लागलो तसा तिचा कंटाळा यायला लागला. फोमचं हरीण ४६ यार्डावर उभं असेल तर चाळीसची पिन वर, पन्नासची खाली, आणि खरा नेम मधल्या रिकाम्या जागेत. शेजारी उभा असलेला माणूस चाक ४६ वर आणतो, एकच पिन बरोबर खांद्यामागे ठेवतो आणि सोडतो. ते बघून मन चळलं. तीनशे डॉलर. रुपयात किती होतात ते बायकोला सांगितलं नाही. वीस वर्षं इथे राहूनही ती गुणाकार माझ्यापेक्षा लवकर करते.

आणि खोटं कशाला बोला, जुलै-ऑगस्टमध्ये ही साइट म्हणजे नुसतं सुख होतं. सगळं वर्तुळ मोकळं, मधे एक हिरवा ठिपका. चाकाचं मशीनिंग उत्तम, खेळ अजिबात नाही. पिन ०.०१९ इंचाची आहे, म्हणजे ४० यार्डावर इंचाला थोडी कमी एवढी जागा झाकते. ६० यार्डावरचे बाण पूर्वी ताटाएवढ्या जागेत पसरायचे, ते वाटीएवढ्या जागेत यायला लागले. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता चिकटपट्टी. ज्यांनी स्लायडर लावलाय त्यांना माहीत आहे, २० वर आणि ६० वर नीट साइट-इन करायचं (बाण नेमावर लागेपर्यंत पिन जुळवायची), सोबत आलेल्या, यार्डांचे आकडे छापलेल्या पंचवीस-तीस टेपमधून आपल्या बाणाच्या वेगाशी जुळणारी टेप निवडायची आणि चाकावर चिकटवायची. बाणाचं वजन बदललं की पुन्हा पहिल्यापासून. याला माझी ना नाही. पण या सगळ्या यंत्राचं ज्ञान त्या एका स्टिकरमध्ये आहे. ॲल्युमिनियमचा एवढा सुंदर ठोकळा कातून काढलाय, चढउतारावरच्या नेमासाठी लागणाऱ्या थर्ड ॲक्सिसला वेगळा स्क्रू दिलाय, पण आकडे कुठे आहेत? शाळेच्या वहीवर लावतो तसल्या लेबलवर.

सप्टेंबरअखेर एका ओल्या सकाळी टेपचं ६० कडचं टोक उचललेलं दिसलं. अंगठ्याने दाबलं, बसलं. ऑक्टोबरात पहाटेची थंडी सुरू झाली तसं पुन्हा सुटलं, आणि या वेळी टेप थोडी सरकली. माझ्या टेपवर ५० च्या पुढे दोन यार्डांच्या खुणांत साधारण मिलिमीटरचं अंतर आहे, म्हणजे मिलिमीटरभर सरकली की ६० वर बाण दोन-अडीच इंच इकडे तिकडे. मी गाड्यांच्या पार्ट्सच्या टेस्टिंगमध्ये आहे. डॅशबोर्डवरचं साधं वॉर्निंग लेबलसुद्धा आम्ही उणे चाळीसपासून अधिक ऐंशीपर्यंत शिजवून-गोठवून बघतो, आणि ते लेबल गाडीतलं कोणी वाचतही नाही. शिकारीची वस्तू थंडीत वापरतात हे या लोकांना कोणी सांगितलं नसावं.

(हो, मला कळतंय. २० यार्डावर या सरकण्याने काडीचाही फरक पडत नाही. तरी राग यायचा तो येतोच.)

कंपनीला मेल केला. डब्यावर ठळक अक्षरात 'लाइफटाइम वॉरंटी' आहे. उत्तर आलं, वॉरंटी यांत्रिक भागांना आहे, टेप ही झिजणारी वस्तू आहे, नवा संच दहा डॉलर, पोस्टेज वेगळं. मी लिहिलं की झिजलेली नाही, सुटलेली आहे. झिजणं आणि सुटणं यात फरक असतो. मग मूळ पावती मागितली. पावती दिली. मग फोटो मागितले. फोटो दिले, शेजारी पट्टी ठेवून. मग म्हणाले, साइटच पाठवून द्या, तपासतो. जायचा खर्च तुमचा. ऐन सीझनमध्ये धनुष्यावरची साइट काढून पाठवायची! शेवटी हट्टाने पाठवली, कारण तोपर्यंत दुसरं एक प्रकरण घडून गेलं होतं.

ऑक्टोबर संपत आला होता. संध्याकाळ, वारा तोंडावर, चाक २० वर, कारण माझ्या मचाणापासून वाट तेवढ्याच अंतरावरून जाते. मक्याच्या कडेने एक आठ टोकांचा नर आला. जाड ओकच्या आड गेला तेव्हा मी दोरी ओढली. बाहेर येऊन वाटेवर थांबायला हवा होता, थांबला नाही. तसाच तिरका चालत गेला आणि लांबच्या ओकखाली, जे झाड मी चढल्या चढल्या रेंजफाइंडरने ३८ मोजून ठेवलं होतं, तिथे ओकफळं खायला आडवा उभा राहिला. पूर्ण बरगड्या समोर. डावा हात धनुष्यावर, उजवा रिलीजवर (दोरी सोडायच्या खटक्यावर), गालाशी. चाक साइटच्या उजव्या बाजूला. ते फिरवायला तिसरा हात लागतो, नाहीतर दोरी खाली सोडावी लागते. दोरी जितकी हळू सोडता येईल तितकी सोडली. कॅम उलटताना खांदा पुढे हिसकला आणि जॅकेटची बाही मचाणाच्या पट्ट्याला घासली. बस, तेवढंच. त्याने मान वर केली, पुढचा पाय एकदा जमिनीवर आपटला, नाकातून फुस्स केलं आणि शेपटीचा पांढरा झेंडा उभारून मक्यात गेला. पाच पिनची साइट असती तर चाळीसची पिन केसभर खाली धरून रिलीज दाबायचा, एवढंच काम होतं.

आता चाक चुकीच्या आकड्यावर राहिलं तर काय होतं? ऑगस्टमध्ये फोमवर मुद्दाम मारून बघितलं होतं. चाक २० वर आणि लक्ष्य ४० वर, तर माझा बाण तेरा-चौदा इंच खाली जातो: पोटाखालून, नशीब वाईट असेल तर पायात. उलट केलं, म्हणजे चाक ४० वर आणि लक्ष्य २० वर, तर सातेक इंच वर. खऱ्या जनावरात याचा अर्थ फुप्फुसं चुकली आणि बाण पाठीच्या वरच्या मांसात. असं जनावर मैलभर पळतं आणि सापडत नाही. म्हणून शिकारीत मला चाकाची भीती वाटते. फिक्स्डमध्येही चुकीची पिन लागू शकते, पण निदान सगळ्या पिना डोळ्यांसमोर असतात. चाकावर काय लावून ठेवलंय ते पिनकडे बघून कळत नाही.

तर साइट गेली दुरुस्तीला आणि नोव्हेंबरचे पहिले पंधरा दिवस जुनी पाच पिनची चढली. इथे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, हे पंधरा दिवस म्हणजे माजाचा हंगाम, वर्षातले सगळ्यात मोलाचे. १५ नोव्हेंबरला बंदूकवाले उतरतात (उत्तरेत काही गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते), मग धनुष्यवाल्याने १ डिसेंबरपर्यंत घरी बसलेलं बरं. मोठ्या उत्साहाने गेलो. आणि दुसरी तक्रार सुरू झाली.

सूर्यास्तानंतर अर्धा तास कायद्याने मारता येतं, आणि हरणं नेमकी त्या अर्ध्या तासातच येतात. त्या उजेडात पाच पिनांचा नुसता गुंता. हिरवी, लाल, पिवळी, हिरवी, लाल. साइटचा दिवा बंद ठेवला तर वरच्या दोनच अंधुक दिसतात, लावला तर सगळ्या चमकतात आणि त्यांच्या मागचं करडं अंग नाहीसं होतं. एक मादी २५ वर उभी होती. वीसची पिन बरगडीवर, तिसाची तिच्या थोडी खाली, आणि चाळीस-पन्नास-साठ या तीन पिना हरणीच्या पोटावर आणि पायांमागच्या झुडपात. मला नेम मधे हवा होता आणि त्या रंगीबेरंगी माळेत 'मधे' कुठे ते ठरवेपर्यंत ती पुढे गेली. तेव्हा वर 'फिक्स्ड घ्या' म्हटलंय त्यात 'तीन पिनची' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ६० ची पिन जंगलात कशाला हवी?

डिसेंबरची भर. साइट परत आली. नवी टेप लावून आली, तीही त्याच गोंदाची, आणि पाकिटात दहा डॉलरचं बिल. ते भरलेलं नाही, भरणारही नाही. घराजवळच्या बो-शॉपमध्ये जाऊन गाऱ्हाणं घातलं. दुकानदार सत्तरीचा आहे, भिंतीवर फ्रेड बेअरचा फोटो लावून बसतो. ग्रेलिंगला कारखाना थाटून ज्याने धनुष्याची शिकार या राज्यात रुजवली, तो बेअर साइट लावतच नसे, हे तो दर गिऱ्हाइकाला ऐकवतो. माझं सगळं ऐकून म्हणाला, टेपच्या कडांना पारदर्शक नेलपॉलिश लाव. बायकोची बाटली घेतली, दोन हात दिले, रात्रभर वाळू दिलं. बर्फात, वितळत्या बर्फात, गाडीच्या हीटरसमोर, टेप हललेली नाही. कंपनीच्या इंजिनिअरांना कळवावं म्हणून मेल लिहिला, मग पुसून टाकला. फुकट कशाला?

खरी भर ही नाही. तोच दुकानदार दुसरी गोष्ट बोलला: चाक २५ वर आण आणि लॉक कर. घरी येऊन फोमवर मारून बघितलं. २० वर दीड इंच वर, ३० वर तीन-साडेतीन इंच खाली. व्हाइटटेलचं मर्मस्थान आठेक इंचाचं धरलं आणि मधोमध नेम धरला, तर ३० पर्यंत सगळं त्याच्या आत बसतं. मोकळं वर्तुळ, एक पिन, अंधारात दिवा एकदम मंद, आणि विचार करायला काही नाही. तीसच्या पुढचं जनावर जाऊ द्यायचं. त्या ऑक्टोबरच्या नरासारखा पुन्हा आला तर जीव जळेल, पण माझ्या वाटेवर तसे फार येत नाहीत. मकरसंक्रांतीला तीळगुळाबरोबर जी मटणाची हंडी झाली, ती याच सेटिंगवर मिळालेल्या मादीची. भारतात १९७२ च्या कायद्याखाली शिकार बंद, त्यामुळे गावी फोनवर हंडीचं कौतुक करायला गेलो की आई लगेच पावसापाण्याचं विचारते.

म्हणजे परिस्थिती अशी आहे की ज्या चाकाचे तीनशे डॉलर दिले ते आवळून बंद केलंय, आणि तशी ही माझ्याकडची आजवरची सगळ्यात चांगली शिकारीची साइट आहे. कोणी विचारेल, मग पंच्याहत्तर डॉलरच्या फिक्स्डमधल्या चार पिना काढून टाकल्या तर? तेच होईल. जवळजवळ तेच. स्लायडरची बुडबुड्याची पातळी जास्त नीट दिसते आणि ब्रॅकेट दणकट आहे, पण त्या फरकाचे सव्वादोनशे डॉलर होत नाहीत.

कोलोरॅडो, वायोमिंगकडे एल्क किंवा अँटिलोपला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. तिकडे जनावर लांबून दिसतं, मोजायला आणि चाक फिरवायला वेळ असतो, ५० यार्डावरचा नेम रोजचा. त्यांनी खुशाल घ्यावी, नेलपॉलिशसकट. थ्रीडीवाल्यांनीही. मी एप्रिलमध्ये रेंज सुरू झाली की लॉक काढणार आणि १ ऑक्टोबरच्या आधी पुन्हा २५ वर आवळणार. जुन्या फिक्स्डमधल्या खालच्या दोन पिना काढल्यात. ती मुलाच्या धनुष्यावर जाईल, त्याचा हंटर सेफ्टीचा कोर्स उन्हाळ्यात आहे. त्याला चाकवालीच हवी आहे. त्याचं म्हणणं, बाबा, तुमची तर बंदच असते.