मापात पाप नाही: ‘टॉम्ब रेडर १-३ रीमास्टर्ड’सोबतचे सात महिने

पहिल्या संध्याकाळी ‘टॉम्ब रेडर’ या व्हिडिओ गेमची नायिका लारा एकाच खड्ड्यात अकरा वेळा पडली. बाराव्या वेळी मी धावत सुटण्याऐवजी कडेपाशी थांबून समोरचं अंतर मोजलं, आणि तिथून हा खेळ मला कळायला लागला. आता तिन्ही भाग खेळून झालेत, पहिला तर दोनदा.

आधी संचाबद्दल थोडक्यात. १९९६, १९९७ आणि १९९८ चे मूळ तीन भाग, त्यांच्या नंतर आलेल्या जादा लेव्हल्ससकट, फेब्रुवारी २०२४ मध्ये एकत्र आले. हा रीमेक नाही. खाली जुनाच कोड चालतो, वर नवं चित्र चढवलंय. चालू खेळात एक बटण दाबलं की नवं चित्र जातं आणि १९९६ चे टोकदार ठोकळे परत येतात. ही गंमत दोन दिवसांत विरेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात सात महिन्यांत सगळ्यात जास्त दाबलं गेलेलं बटण तेच असेल.

त्याचं कारण माप. या तिन्ही खेळांचं जग एकसारख्या चौकोनांवर बांधलेलं आहे आणि लाराच्या हालचाली त्याच चौकोनांना बेतलेल्या आहेत. उभ्या जागेवरून मारलेली उडी एका चौकोनाचं अंतर पार करते, धावत मारलेली दोन, आणि धावत उडी मारून हातांनी पलीकडची कडा धरली तर तीन. चालण्याचं बटण दाबून ठेवलं की ती कडेवर येऊन थांबते, पडत नाही. तिथून एक उडी मागे घेतली की धावायला नेमकी हवी तेवढी जागा मिळते. मग पुढे धाव, उडीचं बटण धरून ठेव, ती बरोबर कडेवरूनच झेपावणार. पहिल्या गुहेतही आणि शेवटच्या लेव्हललाही. खेळ कधीच मापात पाप करत नाही. पडलात तर तुमचं मोजणं चुकलं होतं, आणि हे एकदा मनाने घेतलं की राग येत नाही, डोकं चालायला लागतं. समोरचा खांब, वरचा कठडा, पाण्यातला तरफेचा दांडा या सगळ्यांतून वाट आखायची आणि मग एकेक चौकोन ती गाठायची. नवं चित्र सुंदर आहे, पण त्यात दगडांच्या खाचाखोचांत चौकोन हरवतात. जुन्या चित्रात ते स्वच्छ दिसतात.

म्हणूनच संचात जुन्यांसोबत दिलेले नवे कंट्रोल्स मी आठवड्याभरात सोडले. त्यात कॅमेऱ्याच्या दिशेने मोकळं पळता येतं, सुरुवातीला बरंही वाटतं. पण मागे उडी घेऊन जागा मोजायची ती सवय तिथे जमत नाही, आणि तीच तर या खेळाची बाराखडी आहे. जुने कंट्रोल्स अंगवळणी पडायला मला चार-पाच दिवस लागले. तेवढा वेळ द्याच.

तक्रार एकच, पण रोजची: नवी प्रकाशयोजना कित्येक खोल्यांत इतकी काळोखी आहे की भिंतीतला खटका दिसतच नाही. एका खोलीत मी अर्धा तास फिरत होते. जुन्या चित्रावर आल्याबरोबर दार समोर दिसलं.

तिघांत पहिला भाग मला सर्वांत जास्त आवडला. त्यात संगीत जपून वापरलंय. बराच वेळ फक्त पावलांचा आवाज, आणि एखादी गुप्त जागा सापडली की ती छोटीशी धून. सेंट फ्रान्सिस फॉलीची ती खोल विहिरीसारखी उभी लेव्हल, किंवा मिडास राजाच्या पुतळ्याच्या तुटक्या हातावर उभं राहिलं की लाराचं सोनं होऊन जाणं! कुणी सांगत नाही, कुठे पाटी नाही, करून बघायचं. दुसऱ्या भागात माणसांशी गोळीबार फार आहे, व्हेनिस मात्र देखणं. तिसरा कठीण आणि थोडा निर्दयही. भारताच्या जंगलातून बाहेर पडल्यावर नेवाडा, दक्षिण पॅसिफिक आणि लंडन हव्या त्या क्रमाने घेता येतात, हे फार छान. मूळ प्लेस्टेशनवर पहिल्या भागात ठरावीक स्फटिकांपाशीच सेव्ह करता यायचं. इथे कुठेही करता येतं, त्याचा पुरेपूर उपयोग करा.

मधे महिनाभर मी २००७ चा ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ खेळले. पहिल्या भागाचा तो रीमेक. जागा त्याच, हालचाली लवचीक, पण चौकोन गेले. लारा कडेकडे जवळजवळ आपोआप ओढली जाते आणि कथेच्या दृश्यांत सांगेल ते बटण वेळेत दाबायचं. उत्तम खेळ आहे, मी तो पुन्हा खेळेन. तरी तो पहिल्याची जागा घेत नाही, त्याच्या शेजारी बसतो.

मालिकेचं पुढे काय, हा प्रश्न मला इथेच पडतो. लाराची गोष्ट २००६ मध्ये नव्याने सुरू झाली, २०१३ मध्ये पुन्हा नव्याने. दर वेळी चेहरा, भूतकाळ, आईवडिलांची कथा यांवर मेहनत घेतली गेली. पण माप आधीच सुटलं होतं. २००३ च्या ‘एंजल ऑफ डार्कनेस’मध्ये लाराची ताकद टप्प्याटप्प्याने वाढत जाते, म्हणजे एखादी गोष्ट आज जमत नाही ती नंतर जमेल, मग खेळणाऱ्याने मोजायचं तरी काय? त्या भागानंतर मालिका मूळ स्टुडिओकडून, कोअर डिझाइनकडून काढून क्रिस्टल डायनॅमिक्सकडे दिली गेली. २०१३ पासूनच्या त्रयीत धनुष्य आहे, कौशल्यांचे गुण आहेत, एक बटण दाबलं की महत्त्वाच्या वस्तू उजळतात. मला ती त्रयी मनापासून आवडली होती. सात महिन्यांनंतर मात्र असं वाटतं की तिथे वाट खेळ शोधतो आणि मी त्याच्यामागे चालते. पुढचा भाग कितीही मोठा करा, पण उडीचं एक पक्कं माप ठरवा आणि ते शेवटपर्यंत मोडू नका, एवढंच माझं मागणं आहे.

हे जमू शकतं, असं मला चाहत्यांकडे बघून वाटतं. २००० मध्ये ‘क्रॉनिकल्स’ या पाचव्या भागासोबत लेव्हल एडिटर, म्हणजे स्वतः लेव्हल्स बनवायचं साधन, दिला गेला आणि तेव्हापासून लोकांनी त्याच चौकोनांवर हजारो लेव्हल्स रचल्यात. ‘ओपनलारा’ नावाच्या मुक्त प्रकल्पाने जुनं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम, नव्याने लिहून थेट ब्राउझरमध्ये चालवलं, आणि तो प्रकल्प करणाऱ्यालाच पुढे या रीमास्टरच्या तांत्रिक कामात घेतलं गेलं. या संचातला खेळ सुरू होताना एक सूचनाही येते: या जुन्या खेळांत काही समाजांचं साचेबद्ध, चुकीचं चित्रण आहे आणि ते न बदलता ठेवलंय. खोडण्यापेक्षा सांगून ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटलं.

चौथा ते सहावा भाग असलेला दुसरा संचही फेब्रुवारी २०२५ मध्ये आलाय. तो घेण्याआधी मी चाहत्यांनी बनवलेली एक लेव्हल सुरू केली आहे. कालच एका कठड्यावर सेव्ह करून ठेवलं: समोर तीन चौकोनांचं अंतर, मागे जेमतेम एका उडीपुरती जागा.