रिफंड का अडकलाय ते आधी शोधणाऱ्या टॅक्सवाल्या मॅडम (सांगली, विश्रामबाग)

चार स्टार. इन्कम टॅक्सचा रिफंड अडकला असेल तर या ऑफिसला नक्की जा, कारण मॅडम आधी आयकर खात्याचं पोर्टल उघडून तुमच्यासमोर सगळं वाचतात, फीचं नंतर बोलतात. बाकी ठिकाणी आम्हाला "येईल हो, बेंगळुरूला प्रोसेसिंग चालूय" एवढंच ऐकायला मिळालं.

माझे बाबा रिटायर्ड आहेत, पेन्शन आणि एफडीचं व्याज एवढंच उत्पन्न, त्यावर बँकेने आधीच कापलेला कर (टीडीएस) परत यायचा होता. रिटर्न वेळेत भरलेलं, ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफायही (ऑनलाइन खात्री) केलेलं, तरी पैसे नाहीत. मॅडमनी बघितलं तर बाबांच्या पॅनवर जुन्या एका वर्षाची डिमांड (थकलेल्या कराची मागणी) पडून होती आणि यंदाचा रिफंड त्यात वळता होणार होता! १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४५ खाली तसं करायच्या आधी कळवतात आणि उत्तराला २१ दिवस देतात, त्यातले थोडेच उरले होते. मॅडमनी तिथल्या तिथे डिमांड मान्य नाही म्हणून उत्तर टाकलं. मग डिमांड आलीच कशी ते शोधलं, तर त्या वर्षी एका बँकेने टीडीएस कापला खरा पण भरताना पॅन चुकीचा टाकला, म्हणजे २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा कराचा सरकारी उतारा) रक्कमच नाही आणि सरकारच्या लेखी बाबांनी तेवढा कर भरलेलाच नाही. बँकेला द्यायचं पत्र मॅडमनी मराठीतच लिहून दिलं, बाबांना प्रत्येक ओळ समजावली, बँकेने दुरुस्ती भरल्यावर आयकर खात्याकडे रेक्टिफिकेशनचा (चूक दुरुस्तीचा) अर्ज केला आणि डिमांड गेली. रिफंड महिन्याला अर्धा टक्का व्याजासकट आला (हे व्याज पण करपात्र असतं बरं का, पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं).

तिथे बसल्या बसल्या बाकीच्यांचंही कानावर पडत होतं. कुणाचं पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही म्हणून रिफंडसाठीचं खातं पोर्टलवर व्हॅलिडेट (पडताळणी) होत नाही, कुणाची बँक दुसरीत विलीन झाली आणि पोर्टलवर बँकेचा जुनाच आयएफएससी कोड, कुणाचं पॅन-आधार लिंक नाही. लिंक नसेल तर रिफंड मिळत नाही, आणि पॅन बंद असेल तेवढ्या काळाचं व्याज पण नाही.

पण मला मॅडम सगळ्यात जास्त पटल्या त्या माझ्या मामाच्या बाबतीत. मामाला एका एजंटने रिफंड वाढवून देतो, त्यातला हिस्सा मला द्या असं सांगून करात सूट मागायला राजकीय पक्षाला देणगी दाखवायला सांगितलं होतं, न दिलेली! मॅडमनी स्वच्छ नाही म्हटलं. अशाच दाव्यांवरून २०२५ च्या डिसेंबरमध्ये बऱ्याच जणांना आयकर खात्याचे मेसेज गेले की तुमचा रिफंड रोखलाय, रिटर्न तपासा, चूक असेल तर ३१ तारखेच्या आत सुधारा. तेव्हाच्या नियमाने ती तारीख गेली की उरायचं फक्त अपडेटेड रिटर्न (मुदतीनंतर भरायचं सुधारलेलं रिटर्न), त्यात रिफंड वाढवून मागता येत नाही आणि जादा कर भरावा लागतो तो वेगळाच. एजंट तोवर आपला हिस्सा घेऊन मोकळा, नोटीस येते ती पगारदार माणसाच्या नावावर. मला याची खरंच चीड आहे. माणसं घाबरून गप्प बसतात आणि दंड भरतात. मॅडम अशा लोकांना रागावत नाहीत, शांतपणे दुरुस्ती करून देतात.

एक स्टार कापला कारण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे. शिवाय सीझनमध्ये फोन उचलत नाहीत, सरळ जाऊनच भेटायचं. जाताना पासबुक, पॅन, आधार आणि ओटीपी येतो तो मोबाईल सोबत ठेवा, आणि पोर्टलचा पासवर्ड आधीच शोधून ठेवा, नाहीतर अर्धा वेळ त्यातच जातो.