ऑफिसलाही तीच, ट्रॅकलाही तीच: माझदा एमएक्स-५ घ्यावी की टोयोटा जीआर ८६?

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात नोकरी, घरी बायको-मुलांसाठी एक मोठी गाडी आहेच, आणि थंडरहिल किंवा लगुना सेका या रेस ट्रॅकवरच्या एखाद्या ट्रॅक डेला (आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) जाऊन चटक लागलेली. अशा माणसाने नवी स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलं की फिरून फिरून दोनच नावं समोर येतात. माझदा एमएक्स-५, म्हणजे सगळ्यांची मियाटा, सध्याची एनडी पिढी. आणि टोयोटा जीआर ८६. सुबारू बीआरझेड ही जीआर ८६ ची जुळी बहीण, तेव्हा पुढे जे येईल ते बहुतेक तिलाही लागू. दोन्ही गाड्यांची मागची चाकं ओढतात, दोन्हींना सहा गियरचा मॅन्युअल मिळतो, दोन्हींची किंमत साधारण ३० हजार डॉलरच्या आसपास सुरू होते.

जास्त जोरात पळते जीआर ८६. हा वाद इथेच मिटवून टाकू, कारण आपल्या कामाचा प्रश्न दुसराच आहे. रस्त्यावरची गाडी ट्रॅकसाठी तयार करायला नेमकं काय काय करावं लागेल, आणि ते सगळं केल्यावर सोमवारी सकाळी हायवे १०१ वरच्या ट्रॅफिकमधून तीच गाडी ऑफिसला नेववेल का? इथे दोघींचे मार्ग पहिल्याच पायरीला फुटतात. मियाटाची तयारी तुमच्या डोक्यापासून सुरू होते, जीआर ८६ ची उष्णतेपासून.

| | एमएक्स-५ (२०१९ पासून) | जीआर ८६ (२०२२ पासून) |
|---|---|---|
| इंजिन | २.० लिटर | २.४ लिटर बॉक्सर |
| ताकद | १८१ एचपी | २२८ एचपी |
| वजन (अंदाजे) | १,०६० किलो | १,२७५ किलो |
| पुढचं सस्पेन्शन | डबल विशबोन | मॅकफर्सन स्ट्रट |
| एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा डिफरन्शियल) | स्पोर्ट मॉडेलमध्ये नाही, क्लब मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये आहे | सगळ्या मॉडेलमध्ये |
| छप्पर | कापडी, किंवा आरएफ मॉडेलचं घडी होणारं टणक | पक्कं |
| सीट | २ | नावाला ४ |

आधी दोघींना लागणारं

पहिला खर्च ब्रेक ऑइलचा, आणि तो गाडी कुठलीही असो, टळत नाही. डॉट ४ दर्जाच्या साध्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलं की तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ट्रॅकवर एकामागून एक जोरदार ब्रेक लागले की ते उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. मोतुल आरबीएफ ६०० सारखं ऑइल नवं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं. बाटलीला थोडे डॉलर आणि एक शनिवार दुपार, एवढ्यात काम होतं. बरेच आयोजक अलीकडच्या काही महिन्यांत ऑइल बदललंय का, हे विचारतातच.

पेडल तळाला गेलं तर दोष ऑइलचा. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेलेत. हा फरक लक्षात ठेवलात तर मेकॅनिककडे जाऊन भलतीच वस्तू बदलून यायची वेळ येत नाही. (भारतात या दोन्ही गाड्या अधिकृतपणे मिळत नाहीत, पण पुण्याहून पोलो किंवा वर्टस घेऊन कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर जाणाऱ्यालाही हे दोन परिच्छेद जसेच्या तसे लागू आहेत.)

पॅडच्या बाबतीत मध्यममार्ग फसवा असतो. फेरोडो डीएस२५०० सारखे दोन्हीकडे चालणारे पॅड सुरुवातीला ठीक. पण हात बसला की हॉक किंवा कार्बोटेकचे खास ट्रॅकचे पॅड लागतात. ते थंड असताना नीट पकडत नाहीत, पार्किंगमध्ये किंचाळतात, आणि त्यांची भुकटी ओली होऊन रिमवर बसली की रंग खाते. दोन संच ठेवा आणि आदल्या रात्री बदला. दोन्ही गाड्यांत हे काम गॅरेजमध्ये जॅकवर होतं.

हेल्मेट एसए प्रमाणाचंच (कार रेसिंगसाठीचं) घ्या. मोटरसायकलचं हेल्मेट अनेक ठिकाणी चालत नाही.

मियाटा: आधी रोल बार

उघड्या टपाची गाडी उलटली तर तुमच्या डोक्याचं काय, हा प्रश्न आयोजक पहिल्यांदा विचारतो. सीटमागे माझदाने दिलेल्या कमानींची उंची बहुतेकांना पुरेशी वाटत नाही, म्हणून तिथे रोल बार, म्हणजे डोक्यामागची लोखंडी नळीची कमान, बसवावी लागते. काही आयोजकांना मूळ उंची चालते, काहींना नाही, म्हणून नाव नोंदवण्याआधी त्या त्या आयोजकाचा नियम वाचावाच लागतो. सर्वसाधारण कसोटी काठीची. रोल बारच्या माथ्यापासून विंडशील्डच्या चौकटीपर्यंत काठी धरायची, आणि हेल्मेट घालून बसलेल्या माणसाचं डोकं तिच्या खाली राहिलं पाहिजे. सहा फुटी माणूस एनडीच्या मूळ सीटवर ही परीक्षा बहुधा नापास होतो. मग सीटचा फोम कापून काढणं किंवा खालची बकेट सीट बसवणं आलं. हे सगळं गाडी घेण्याआधी, शोरूममध्ये हेल्मेट घालून बसून तपासता येतं. सेल्समन हसेल, हसू द्या.

बार बसवल्यावर रस्त्यावर एक वेगळीच काळजी मागे लागते. ट्रॅकवर डोक्यावर हेल्मेट असतं, ऑफिसला जाताना नसतं, आणि डोक्यामागे काही इंचांवर लोखंडी नळी असते. मागून कोणी ठोकलं तर तीच नळी इजा करते. म्हणून चांगलं, कडक पॅडिंग लावायचं आणि सीट थोडी पुढे घ्यायची. बहुतेक बारांसोबत कापडी टप पूर्वीसारखा उघडतो-मिटतो, मागचं दिसणं मात्र थोडं कमी होतं. आरएफच्या वाटेला ट्रॅकसाठी जाऊ नये असं माझं मत आहे. तिचं छप्पर टणक दिसलं तरी अनेक आयोजक तिला कन्व्हर्टिबलच धरतात, आणि वजन वाढतं ते वेगळंच.

रोल बार आला की चार-पाच पॉइंटचा हार्नेस लावायचा मोह होतो. अर्धवट लावू नका. हार्नेस, त्यासाठी बनलेली सीट, मानेचं संरक्षण आणि बार हे सगळं एकत्रच यायला हवं. तोवर कंपनीचा तीन पॉइंटचा पट्टा आणि एअरबॅग उत्तम.

एवढा एक मोठा खर्च झाला की मात्र मियाटा पुढे फारसं मागत नाही. इंजिन थंड राहतं, वजन कमी म्हणून पॅड आणि टायर पुरवून येतात. माझदाच्या एमएक्स-५ कप शर्यतीतल्या गाड्यांतही इंजिन मूळ गाडीचंच, सीलबंद असतं. गियरबॉक्स मात्र त्यात २०२० पासून सॅदेव कंपनीचा सिक्वेन्शियल (गियर क्रमानेच पडणारा) आहे. मूळ गियरबॉक्स हाच या गाडीचा नाजूक भाग, विशेषतः २०१६ ते २०१८ च्या गाड्यांत. दुसरा गियर घाईने कोंबायची सवय असेल तर ती आधी सोडा.

डबल विशबोनमुळे पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा तिरपा कल, मूळ बोल्टवरच बऱ्यापैकी वाढवता येतो. एक चांगलं अलाइनमेंट करून घेतलंत की टायरची बाहेरची कड वाचते. वळणात गाडी नावेसारखी कलते, ते खरंय. नवख्याने कलू द्यावं. गाडी काय करतेय हे त्या कलण्यातूनच लवकर कळतं, आणि घट्ट स्प्रिंगांची हौस भागवायला पुढचे सीझन आहेतच.

जीआर ८६: ब्रेक, तेल आणि तापमान

या गाडीला डोक्यावर पक्कं छप्पर आहे, त्यामुळे नवख्यांच्या गटात रोल बार लागत नाही. शिवाय अमेरिकेत नवी घेतली की नासाचं एक वर्षाचं सदस्यत्व आणि एक ट्रॅक डे फुकट मिळतो. (चंद्रावर जाणारी नासा नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन.) म्हणजे पहिल्या दिवसाचा खर्च ब्रेक ऑइल, पॅड आणि हेल्मेट एवढाच. इथवर ही गाडी सरळ जिंकते.

पुढचं गणित वेगळं आहे. वजन मियाटापेक्षा सुमारे २० टक्के जास्त. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेगही समजा १० टक्के जास्त असला, तर प्रत्येक ब्रेकला जिरवायची ऊर्जा ४०-४५ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गात जाते. मूळ पुढचे कॅलिपर दोन पिस्टनचे आहेत. मूळ पॅडवर जोरात चालवलं तर काही फेऱ्यांतच हात टेकतात. चांगल्या पॅडवर हीच व्यवस्था बराच काळ पुरते, म्हणून चार पिस्टनच्या मोठ्या ब्रेक किटवर आधीच हजारो डॉलर घालू नका. २०२५ च्या मॉडेलला ब्रेंबो ब्रेकचं पॅकेज मिळतं. नवीच घेणार असाल तर बाहेरून किट बसवण्यापेक्षा ते बरं.

तेलाचं प्रकरण जास्त गंभीर आहे आणि त्यावर इंटरनेटवर रामायण झालंय. मुद्दे तीन. उन्हाळ्यात सलग वीस मिनिटांच्या सेशनमध्ये इंजिन ऑइलचं तापमान १३० अंश सेल्सियसच्या पुढे जातं. थंडरहिल आहे विलोजजवळ, तिथे जुलैत हवाच अनेकदा ३८ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा ऑइल कूलर ही चैन राहत नाही, आणि ०डब्ल्यू-२० ऐवजी थोडं जाड ५डब्ल्यू-३० तेल घालणारे पुष्कळ आहेत. दुसरं म्हणजे लांब उजव्या वळणात तेल एका बाजूला जाऊन त्याचा दाब पडतो. तिसरं, काही मालकांना सम्पमधल्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतल्या) जाळीत इंजिन जोडताना वापरलेल्या सिलिकॉन सीलंटचे तुकडे सापडले आहेत.

दाब पडण्याचा टायरशी थेट संबंध आहे, आणि निर्णय घेणाऱ्याने हेच नीट समजून घ्यावं. रस्त्याच्या टायरवर वळणात जेवढा जोर येतो तेवढ्याने धोका कमी असतो. तुम्ही योकोहामा ए०५२ किंवा ब्रिजस्टोन आरई-७१आरएस यांसारखे ट्रॅकचे टायर चढवलेत की पकड वाढते, तेल जास्त ढकललं जातं आणि तिथून सम्पमधला बॅफल (तेल अडवणारा पडदा), दाबाचा मीटर, कूलर अशी रांग लागते. या गाडीत एक सुधारणा दुसरीला आमंत्रण देते. आपल्याकडचे ट्रॅक थोडे दयाळू आहेत. लगुना सेकावर बहुतेक वळणं डावी, थंडरहिलचं लांबलचक दोन नंबरचं वळणही डावंच. पण त्या भरवशावर इंजिन ठेवणं मला पटत नाही. पहिला सीझन मूळ टायरवर काढा, तेल दर एक-दोन ट्रॅक डेनंतर बदला, पातळी खुणेच्या वरच्या टोकाला ठेवा.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट असल्याने मूळ गाडीत कॅम्बर जवळजवळ बदलता येत नाही. कॅम्बर बोल्ट किंवा वरच्या प्लेट घातल्याशिवाय पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा दोन-चार दिवसांत गोल होतात. बोल्ट स्वस्त आहेत. प्लेटने रस्त्यावर खडखड वाढते, म्हणून रोजच्या गाडीला बोल्टच बरे.

टायर कशात न्यायचे?

सॅन होजेहून थंडरहिल तीन-साडेतीन तासांवर. ट्रॅकचे टायर घालून तेवढं जायचं आणि यायचं म्हणजे टायरही झिजतात आणि वाटेत पाऊस आला तर जीवही टांगणीला. जीआर ८६ ची मागची सीट पाडली की चाकांसकट चार टायर, जॅक आणि टॉर्क रेंच आत मावतात. मियाटाच्या डिकीत एक मोठी बॅग आणि थोडा शिधा, बस. तिला छोटा ट्रेलर लावा, नाहीतर दोन्हीकडे चालणारा एकच संच घ्या. हँकूक आरएस४ हा टायर वेगात ए०५२ च्या मागे आहे, पण उन्हात लवकर दमत नाही आणि टिकतो. मियाटाला टायर अरुंद लागतात, म्हणून संच स्वस्त पडतो. ट्रेलर घ्यायची वेळ आली की मात्र ती बचत त्यात गेली.

मागच्या सीटच्या बाकी उपयोगाबद्दल भ्रम नको. लहान मुलाची सीट कशीबशी बसेल. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना घेऊन जायला दोन्ही गाड्या सारख्याच निरुपयोगी.

कागदोपत्री

नेहमीचा कार विमा ट्रॅकवरचं नुकसान बहुधा भरत नाही. हॅगर्टी किंवा लॉकटनकडून त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो. वॉरंटीतही शर्यतीमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, आणि याची धास्ती जीआर ८६ वाल्याला जास्त हवी. एक्झॉस्टला हात लावू नका. कॅलिफोर्नियात आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांची स्मॉग (धुराची) तपासणी नसते, पण कार्बची (राज्याच्या हवा मंडळाची) मंजुरी नसलेला हेडर (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा भाग) तरीही बेकायदाच. लगुना सेकावर तर अनेक दिवशी ९० किंवा ९२ डेसिबलची मर्यादा असते आणि ती ओलांडणाऱ्याला सरळ बाहेर काढतात.

मग कोणती?

वर्षातून दोन-तीनच ट्रॅक डे, उंची सहा फुटांच्या आसपास, घराला ट्रेलर ठेवायची जागा नाही, आणि गाडीला फार हात लावायचा नाही: जीआर ८६. ब्रेक ऑइल, पॅड, कॅम्बर बोल्ट, वेळच्या वेळी तेल, आणि तिथेच थांबायचं. थांबता येत असेल तर ही जास्त शहाणी खरेदी आहे.

दर महिन्याला जायचं असेल तर मी मियाटाचं क्लब मॉडेल घेईन. पहिल्याच महिन्यात रोल बारचा घाव सोसायचा, पण पुढच्या पाच वर्षांचे टायर, पॅड आणि झोप यांचा हिशेब तिच्याच बाजूने लागतो. हळू गाडी वेगात चालवायला शिकणं जास्त मजेचं, हेही त्यात धरलंय.

वापरलेली बघत असाल तर मियाटा २०१९ किंवा नंतरचीच बघा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये वर-खाली करून आवाज ऐका. जीआर ८६ साठी मालकाकडे तेल बदलल्याची बिलं मागा. ट्रॅकवर गेलेली पण बिलं जपलेली गाडी, ‘कधीच ट्रॅकवर नेली नाही’ असं सांगणाऱ्याच्या, पुढच्या टायरच्या कडा गोल झालेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.