कार्गोत जायचं ठरलं, पण कुठल्या कार्गोत?

प्रवासी कंपनी बरी की मालवाहू, यावर पायलट मंडळी तासन्‌तास वाद घालतात. मला त्या वादात फारसा दम वाटत नाही. परवाना तोच लागतो, टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान चालवायची मान्यता) तेच असतं, आणि मागे माणसं आहेत की खोकी याचा सिम्युलेटरला पत्ताही नसतो. खरी निवड त्यानंतर सुरू होते. 'कार्गो पायलट' या एकाच नावाखाली निदान तीन निरनिराळ्या नोकऱ्या चालतात, आणि एकीत मजेत असलेला माणूस दुसरीत वर्षभरात वैतागू शकतो. तेव्हा हातात दोन नियुक्तीपत्रं असोत किंवा अर्ज कुठे करायचा हेच ठरायचं असो, आधी या तिन्ही शेजारी शेजारी मांडून बघा.

पहिली, एक्स्प्रेस कंपनी. फेडएक्स, यूपीएस, डीएचएल ही ठळक नावं. सगळ्या जाळ्याच्या मधोमध एक हब असतं: मेम्फिस, लुइव्हिल, लाइपझिग. रात्री चहूकडून विमानं तिथे उतरतात, काही तासांत माल निवडून पुन्हा भरला जातो आणि उजाडायच्या सुमाराला विमानं आपापल्या वाटेला लागतात. फेडएक्सने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री १४ छोट्या जेट विमानांनी हे सुरू केलं. साचा अजून तोच आहे, विमानं तेवढी अजस्र झाली.

दुसरी, विमान भाड्याने देणारी. विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा एवढं कंपनीचं, माल आणि इंधन गिऱ्हाइकाचं. धंद्यात याला एसीएमआय म्हणतात. अॅटलस एअर, कॅलिटा एअर ही या गटातली परिचित नावं. बोइंगने बांधलेलं शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये अॅटलसलाच मिळालं.

तिसरी, फीडर. मोठ्या विमानाने आणलेला माल आडबाजूच्या धावपट्टीपर्यंत पोचवणारी. सेसना कॅराव्हॅन, स्कायकुरिअर, एटीआर अशी विमानं. कॅराव्हॅनमध्ये बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता.

आत शिरताना

आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे व्यावसायिक परवाना २०० तासांवर मिळतो, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात १५० वर. मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायला लागणारा वरचा परवाना, एटीपीएल, १५०० तासांवर. मधल्या तासांचं काय करायचं, हा प्रत्येक नवख्याचा प्रश्न असतो आणि फीडर हे त्याचं एक जुनं उत्तर आहे. मात्र तिथेही दार सताड उघडं नसतं. अमेरिकेत भाड्याचं विमान पायलट-इन-कमांड, म्हणजे त्याची जबाबदारी असलेला वैमानिक, म्हणून उपकरणांच्या आधाराने, म्हणजे ढगांतून, चालवायला १२०० तास लागतात; त्यातले ५०० दूरच्या उड्डाणांचे आणि १०० रात्रीचे. दोन पायलटांच्या एटीआरवर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून शिरायला जगात बऱ्याच ठिकाणी याहून कमी तासांवर संधी मिळते.

एक्स्प्रेस कंपन्यांची भरती संथ आणि निवडक. लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची नोंदवही), आधीच्या परीक्षांचे निकाल, कंपनीतल्याच कुणाची शिफारस, मग मुलाखत, बऱ्याचदा सिमची, म्हणजे सिम्युलेटरची, चाचणी. भाडे कंपन्यांचा कारभार घाईचा: गिऱ्हाइकाशी नवा करार झाला की त्यांना माणसं लगेच हवी असतात, आणि मुलाखतीत तुम्ही सलग किती दिवस घराबाहेर राहू शकता हे उड्डाणाच्या ज्ञानाइतकंच बारकाईने विचारलं जातं.

लॉगबुकबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण चांगले उमेदवार इथे उगाच अडकतात. मुलाखत घेणारा मध्येच एखादं पान उघडतो आणि बेरीज पडताळतो. रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे तास, अर्जातला आकडा, तिन्ही जुळले पाहिजेत. एखाद्या चेकराइडमध्ये (परीक्षकाबरोबरच्या उड्डाणात) नापास झाला असाल तर ते आधीच सांगून मोकळं व्हा. नोंदी कुठे ना कुठे असतातच, आणि नापास होणं एकवेळ खपतं, लपवणं खपत नाही.

'कार्गोच का?' हा प्रश्न तिन्हीकडे येतो. 'प्रवाशांची कटकट नको' हे उत्तर इतक्या जणांनी दिलेलं असतं की समोरच्याचं पेन खाली ठेवलं जातं. रोस्टरबद्दल (ड्यूटीच्या वेळापत्रकाबद्दल), मालाबद्दल, विमानाबद्दल काहीतरी ठोस बोला.

प्रशिक्षणाचे पहिले आठवडे

मोठ्या विमानांवर क्रम सगळीकडे जवळपास एकच. आधी कंपनीचे नियम आणि कागदपत्रं, मग विमानाच्या यंत्रणा, मग कार्यपद्धतींचा सराव, पूर्ण सिम्युलेटर, परीक्षा, आणि शेवटी खऱ्या उड्डाणांवर प्रशिक्षक कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंग. खऱ्या विमानाचं तुमचं पहिलं लँडिंग बहुधा मागे भरलेल्या मालासकटच होतं.

सगळ्यात जास्त घाम मधल्या टप्प्यात निघतो, आणि तो सिमच्या आधी. हॉटेलच्या खोलीत भिंतीवर कॉकपिटची मोठी चित्रं चिकटवलेली असतात. समोर दोन खुर्च्या, एकीवर तुम्ही, दुसरीवर तुमचा सिम पार्टनर. हात कागदावरच्या बटणांवरून डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरतो, तोंडाने प्रत्येक स्विचचं नाव चालू. पन्नासदा झालं की हात आपोआप जातो. सिममध्ये टेकऑफच्या ऐन वेगाला प्रशिक्षक एक इंजिन बंद करतो तेव्हा विचार करायला डोकं मोकळं राहतं ते या कागदी सरावामुळे. पार्टनर चांगला मिळणं हे नशीब. वाईट मिळाला तर तक्रार करण्यापेक्षा त्याला संध्याकाळी शिकवा, त्यात तुमचाही अभ्यास होतो.

आता फरक. मोठ्या एक्स्प्रेस कंपन्यांकडे स्वतःचे सिम आणि स्वतःचे प्रशिक्षक असतात, आणि एखाद्या सत्रात अडखळलात तर जादा सत्र मिळण्याची सोय बहुधा लेखी असते. भाडे कंपन्यांत, विशेषतः लहान असतील तर, सिमही भाड्याचा, वेळ मिळेल ती. पहाटे दोनची पाळी आली तर नवल मानू नका. वेग जास्त आणि दुसऱ्या संधीबाबत हात आखडता. फीडरच्या एकइंजिनी विमानावर प्रशिक्षणाचा बराच भाग खऱ्या विमानातच होतो आणि पटकन संपतो. मग एका संध्याकाळी विमान तुमच्या एकट्याच्या ताब्यात. काहींना ते स्वातंत्र्य वाटतं. मला त्यात धोका जास्त दिसतो, कारण चूक दाखवायला शेजारी कुणी नसतं, आणि बर्फाळ ढगांशी कॅराव्हॅनचं जुनं वाकडं आहे. तरी एक कबूल करतो: एकट्याने दोन हिवाळे काढलेला पायलट निर्णय घेताना चाचपडत नाही, आणि मुलाखतीत ते कळतं.

मागे काय भरलंय

प्रवासी विमानातून आलेल्यांना इथे खरं नवं शिकायला मिळतं. बोइंग ७७७ च्या मालवाहू आवृत्तीत सुमारे १०२ टन माल मावतो, ७४७-८ मध्ये सुमारे १३७. एवढं वजन जागचं हललं तर काय होतं ते २९ एप्रिल २०१३ ला बगराममध्ये दिसलं. ७४७ मध्ये लष्करी चिलखती गाड्या होत्या. टेकऑफनंतर त्यातली निदान एक सुटून मागे गेली, तिने विमानाच्या शेपटाकडच्या यंत्रणा मोडल्या आणि विमान कोसळलं. सातही जण गेले. म्हणून लोडशीट (मालाच्या वजनाचा आणि मांडणीचा तक्ता) आली की नुसती सही करायची नसते. गुरुत्वमध्य कुठे आहे, कुठला पॅलेट (माल बांधलेला तळपाट) कुठे, कुलपं तपासली का, हे विचारायचा हक्क कॅप्टनइतकाच नव्या फर्स्ट ऑफिसरलाही आहे, आणि तो वापरलेला बरा.

दुसरी गोष्ट आगीची. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली. धुराने कॉकपिट इतकं भरलं की समोरची उपकरणं दिसेनात. दोघेही वैमानिक गेले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून लिथियम-आयन बॅटऱ्या नुसत्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की तो माल हवेतून जायचा तर मालवाहू विमानातूनच जातो. मोठ्या मालवाहू विमानांच्या मुख्य डेकवर आग लागली तर प्राणवायूचे मास्क चढवून विमानातला हवेचा दाब सोडून द्यायचा, म्हणजे आगीला प्राणवायू कमी मिळेल, आणि जवळचा विमानतळ गाठायचा. हा सराव सिममध्ये मुखवटा लावून होतो, शेजाऱ्याचा आवाज नीट ऐकू येत नाही, आणि इथेच पहिल्यांदा नोकरीचं वेगळेपण अंगावर येतं.

तिन्हींत या बाबतीत भाडे कंपनीत वैविध्य सर्वाधिक: आज फुलं, उद्या घोडे आणि त्यांचे मोतद्दार, परवा तेलविहिरीचे सुटे भाग. एक्स्प्रेसमध्ये बहुतेक रात्री डबे आणि पॅलेट. फीडरमध्ये खोकी भरायला कधी तुमचेच हात लागतात.

झोप

मला विचाराल तर निर्णय इथे व्हावा. विमान कुठलं, हा प्रश्न दुय्यम.

पहाटे दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात मंद वेळ, आणि एक्स्प्रेसचा धंदा नेमका तिच्यावर उभा आहे. १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे पाचच्या आसपास यूपीएसचं ए३०० बर्मिंगहॅम, अलाबामा इथे धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला लागलं आणि दोघे वैमानिक गेले. चौकशीत अस्थिर अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) चालू ठेवणं हे मुख्य कारण निघालं, पण थकव्याचाही उल्लेख झाला. अमेरिकेत २०१४ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे, कडक नियम लागू झाले तेव्हा मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं गेलं, आणि ती सूट वैमानिक संघटनांना आजही खुपते. युरोपच्या नियमांत अशी फारकत नाही. म्हणून करार वाचताना तुमच्या देशात मालवाहू वैमानिकांना कुठला विश्रांतीचा नियम लागतो ते आधी शोधा.

एक्स्प्रेसच्या रात्री निदान ओळखीच्या असतात. आठवडाभर रात्रपाळी, हबवर डुलकी काढायला खोल्या, मग सुट्टी. दिवसा पडदे ओढून झोपणं ज्याला जमतं त्याचं निभतं. भाडे कंपनीत ओळखीचं असं काही नसतं: पूर्वेकडे दोन दिवस, मग उलट पश्चिमेकडे, मध्येच ३० तासांचं हॉटेल. शरीराला कुठल्या घड्याळावर चालायचं तेच कळेनासं होतं. लांब उड्डाणात तिघे-चौघे वैमानिक असतात आणि आळीपाळीने बंकमध्ये झोपायला मिळतं, एवढाच दिलासा. फीडरचा दिवस सगळ्यात माणसाळलेला: सकाळी लवकर माल घेऊन गावाला, दिवसभर तिथे थांबणं, संध्याकाळी परत हबला. कंटाळा भरपूर, पण रात्र बहुधा आपल्या अंथरुणात.

घर आणि भरवसा

एक्स्प्रेसमध्ये बेस ठरलेला. तिथे राहायला गेलात तर उत्तम, नाहीतर जंपसीटवर (कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर) बसून ये-जा, तीही स्वतःच्या सुट्टीतून. काही भाडे कंपन्या घराजवळच्या विमानतळापासून तिकीट काढून देतात. मग दोन-अडीच आठवडे पत्ता नाही आणि त्यानंतर सलग घरी. लहान मुलं असलेल्यांनी हे घरी बोलून ठरवावं. सलग सुट्टी कागदावर मोहक दिसते, पण मुलाचा वाढदिवस ड्यूटीच्या सलग दिवसांत पडला तर हलवता येत नाही.

स्थैर्याबद्दल एक भ्रम २०२० नंतर पसरला. प्रवासी विमानं जमिनीवर होती आणि मालवाहू रात्रंदिवस उडत होती, त्यामुळे कार्गो म्हणजे मंदीचं कवच असं वाटू लागलं. २०२३ मध्ये माल घटला तसं फेडएक्सने आपल्याच वैमानिकांना एका प्रादेशिक प्रवासी कंपनीत जाण्याचा विचार करायला सुचवलं. पुढच्या वर्षी अमेरिकी टपाल खात्याचं मोठं कंत्राट फेडएक्सकडून यूपीएसकडे गेलं. एका गिऱ्हाइकाच्या सहीने इतका फरक पडतो, आणि भाडे कंपनीत तर गिऱ्हाईकच मोजकी. फीडरचं नशीब ज्या मोठ्या कंपनीचा माल ती वाहते तिच्याशी बांधलेलं.

कमी तासांच्या नवख्याने दोन पायलटांच्या फीडरपासून सुरुवात करावी असं माझं मत. एटीपीएलपर्यंत पोचलेल्या, अविवाहित किंवा मुलं मोठी झालेल्या आणि जग बघायची हौस असलेल्या माणसाला भाडे कंपनी एवढं शिकवते की चार-पाच वर्षं खुशाल द्यावीत. एक्स्प्रेसचं बोलावणं आलं आणि रात्री जागायची प्रकृती असेल तर लवकर रुजू व्हा. सिनिऑरिटी, म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीतला क्रमांक, तुमच्या तुकडीच्या तारखेपासून मोजली जाते. बेस, विमान, सुट्ट्या, कॅप्टनपद, सगळं त्याच क्रमांकावर मिळतं, आणि कंपनी बदलली की तो पुन्हा तळापासून.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. पगार पहिल्या दिवसापासून की परीक्षा पास झाल्यावर. प्रशिक्षणात हॉटेल कुणाचं. नापास झालात तर किती संधी. बाँड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरायची अट) असेल तर मुदतीआधी सोडल्यास रक्कम दरमहा कमी होत जाते की शेवटपर्यंत पूर्ण भरायची, आणि कंपनीने स्वतःहून काढलं तरी ती वसूल होते का. या शेवटच्या मुद्द्यावर मनुष्यबळ विभाग गुळमुळीत बोलला तर करारातलं ते कलम एखाद्या वकिलाला दाखवा.